तेलवाल्या काकांचा हँडब्रेक

माझ्या मावशीच्या यजमानांइतका कुरकुरीचा हाडवैरी मुंबई शहरात दुसरा झाला नाही. हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो. मी पत्रकं लिहिणारा माणूस आहे आणि पत्रकवाल्यांच्या जबाबदारीला लोक किती मान देतात हे मला ठाऊक आहे. म्हणून ज्याला शंका असेल त्याने लालबागला आमच्या चाळीत जाऊन खुशाल चौकशी करावी. काका कापडगिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात, तेलवाले होते. हातात लांब चोचीची बुधली घेऊन पाळी सुटेपर्यंत साच्यांमधून हिंडायचं, प्रत्येक सांध्याला कान द्यायचा आणि जो कुरकुरेल त्याच्या घशात दोन थेंब सोडायचे, हे काम त्यांनी बत्तीस वर्षं केलं. साचेखात्यात शेजारच्या माणसाची बोंब ऐकू येत नाही, पण त्या गदारोळात कुठल्या रांगेत कुठला सांधा कोरडा पडला आहे हे काकांना दारातून कळायचं. पुढे गिरणी सुटली, बुधली सुटली नाही.

आमच्या मजल्यावरच्या एकाही दाराला त्यामुळे आवाज नव्हता. कोण कधी आत आलं ते कळत नसे. एकदा दोन शेजारणी तिसरीबद्दल मन मोकळं करत होत्या आणि ती तिसरी मागे उभी राहून सगळं ऐकत होती. त्यावरून जे भांडण पेटलं ते थेट गणपतीपर्यंत पुरलं, आणि त्याचं मूळ काकांच्या बुधलीत होतं. समोरच्या खोलीतल्या पाळण्याच्या कड्या त्यांनी अशाच गप्प केल्या. पण त्या तान्ह्याला कुरकुरीच्या तालावर झोपायची सवय. पाळणा मुका झाला आणि पोर रात्रंदिवस बोंबलू लागलं. त्याची आई आठवडाभर काकांशी बोलली नाही. टपालवाला पत्रं वाटून खाली येईपर्यंत काका त्याच्या सायकलीची साखळी, चाकं, घंटी, सगळं तेलाने न्हाऊ घालत. मग पुढच्या चाळींतल्या पत्रांवर टपालवाल्याची तेलाची बोटं उमटत. कुणी तक्रार केली की काका आपल्या मालवणीत एकच उत्तर देत, "मेल्या, जां फिरतां तां तेल मागतां." यावर वाद संपे, कारण तोवर ते तक्रार करणाऱ्याच्या छत्रीला तेल घालू लागलेले असत.

अशा माणसाच्या हाती मोटार लागली. साचेखात्याचा गोरा साहेब स्वातंत्र्यानंतर मायदेशी निघाला, तेव्हा त्याची जुनी, चौकोनी, काळी गाडी कुणी घेईना. तिच्या सांध्यासांध्यांना वर्षानुवर्षं काकांनीच तेल घातलं होतं, म्हणून साहेबाने ती त्यांनाच देऊन टाकली. परक्या सत्तेची ही निशाणी म्हणून मी तत्त्वाने तिच्यात बसत नसे. नंतर पत्रकांचे गठ्ठे गिरगावातल्या छापखान्यातून लालबागपर्यंत डोक्यावरून आणावे लागले, तेव्हा मी त्या तत्त्वाचा फेरविचार केला.

त्या गाडीत सारं काही होतं, फक्त हँडब्रेकला दम नव्हता. दांडा ओढला की कट कट कट करत तो वर यायचा. पूर्वी चार कटांत धरायचा, मग सात लागू लागले, मग दांडा काकांच्या छातीशी टेकला तरी गाडी आपली हळूहळू चालतच राहायची. म्हणून पुढे शेजारी बसणाऱ्याच्या मांडीवर एक काळी धोंड असे. गाडी चढावर थांबली की त्याने उडी मारायची आणि ती मागच्या चाकाला लावायची. हा मान बहुधा मावशीचा. ठेवणीतलं लुगडं नेसून, अंबाड्यात वेणी माळून ती हळदीकुंकवाला निघे तीसुद्धा मांडीवर धोंड घेऊन. "बाकीच्या बायांची ओटी नारळाने भरतात, माझी हिने," असं ती म्हणायची, आणि धोंडीवरची धूळ पदराने पुसायची.

दर रविवारी सकाळी काका हँडब्रेकवर इलाज करत. आधी त्यांनी ठरवलं की दांड्यापासून मागच्या चाकांपर्यंत जाणारी तार ढिली पडली आहे. गाडीखाली शिरून त्यांनी ती ताणली आणि वर तेल घातलं. पुढच्या रविवारी दांड्याचे दाते झिजल्याचं निदान झालं, दात्यांना तेल. मग मागची चाकं काढून, ज्या गोल डब्यात ब्रेकचे पट्टे बसतात तो डबा उघडून, आत सढळ हाताने तेल. मावशी जिन्यावरून म्हणायची, "अहो, तुम्ही हात लावलात की तो जास्तच ढिला पडतो." काका म्हणायचे की बायकांना यंत्रातलं कळत नाही. पुढची चाकं त्यांनी उघडली नव्हती, म्हणून पायाच्या ब्रेकने गाडी कशीबशी थांबे, थांबायची त्या चाळीच्या पुढच्या चाळीसमोर.

संयुक्त महाराष्ट्राचे ते दिवस होते. सभा रोज, मोर्चे दिवसाआड. आमच्या भागाच्या समितीने काकांच्या गाडीच्या टपावर कर्णा बांधला आणि ती मोर्च्याच्या पुढे चालू लागली. काकांनी त्या दिवसांत धुतलेला सदरा घालायला सुरुवात केली. गिरणी सुटल्यापासून त्यांना कुणी कशासाठी बोलावत नव्हतं, आता सकाळ झाली की खालून कुणीतरी हाक मारायचं, "काका, गाडी काढा." त्या हाकेआधीच ते खाली जाऊन उभे असत.

एका संध्याकाळी चिंचपोकळीच्या पुलाच्या चढावर गाडी उभी करून मी भाषणाला उभा राहिलो. शेजारच्या जागेवर त्या दिवशी मावशीऐवजी मी होतो, आणि वक्त्याने मांडीवर धोंड घेऊन यावं हे मला चळवळीच्या प्रतिष्ठेला शोभेसं वाटलं नव्हतं. ती मी चाळीच्या जिन्याखाली ठेवून आलो होतो. गाडीच्या पायरीवर उभा राहून मी कर्ण्यातून गर्जना केली की मुंबई घेतल्याशिवाय आम्ही एक पाऊलही मागे हटणार नाही. आणि गाडी, कर्णा आणि मी संथपणे मागे निघालो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आत काका पायाचा ब्रेक विसरून दोन्ही हातांनी दांडा ओढून जवळजवळ आडवे झाले होते. शेवटी पाळी सुटून येणाऱ्या चार कामगारांनी खांदा लावला आणि केळीवाल्याच्या हातगाडीपासून वीतभर अंतरावर माझी माघार थांबली.

दुसऱ्या दिवशी समितीचे अध्यक्ष, जे शाळेत मास्तर होते, काकांना सौम्यपणे म्हणाले की रविवारच्या मोठ्या मोर्च्याला आपण टॅक्सी सांगू. त्या संध्याकाळी त्यांनी कुठल्याच दाराला तेल घातलं नाही, तेव्हा मावशी घाबरली.

मी गप्प बसणारा नव्हतो. आदल्या आठवड्यात एक अनोळखी माणूस गाडीखाली वाकून बघताना दिसला होता. (तो पोरांचा चेंडू काढत होता, हे नंतर कळलं.) मला तेवढं पुरलं. बसल्या बैठकीला मी पत्रक लिहिलं: जनतेच्या वाहनाचा ब्रेक विरोधकांनी भ्याडपणे निकामी केला! इतकं जोरकस मी आधी कधी लिहिलं नव्हतं. ते समितीपुढे ठेवायचं, लगेच छापायचं, आणि मग काकांच्या गाडीला मोर्च्यातून काढायची कुणाची छाती होती?

समितीची बैठक शुक्रवारी संध्याकाळी होती. त्याच दिवशी दुपारी काकांनी भायखळ्याचा एक जुना मिस्त्री बोलावला. त्याने मागचं चाक काढलं, डबा उघडला, आत बोट फिरवून नाकाशी नेलं आणि माझ्याकडे बघत म्हणाला, "ये ब्रेक है या भजिया?"

पट्ट्यांतून तेल टपकत होतं. मिस्त्रीने ते फडक्याने टिपून फडकं पिळून दाखवलं. तेल कुणी घातलं, असं त्याने विचारलं. काका हळू आवाजात म्हणाले की दोन वर्षांपूर्वी मागचा ब्रेक लावताना किंचाळायचा, म्हणून पहिल्यांदा घातलं होतं. आवाज बंद झाला, पण मग तो ढिला पडू लागला, म्हणून पुन्हा घातलं. मिस्त्रीने हसू दाबलं. "चाचा, ब्रेक घासला पाहिजे. घासल्याशिवाय धरणार कसा?"

काकांनी हातातली बुधली पाठीमागे धरली. शाळेत फळा फोडलेल्या मुलासारखे ते उभे होते. मिस्त्रीने रविवारपर्यंत नवे कोरडे पट्टे बसवायचं कबूल केलं. मी काकांना बाजूला घेऊन सांगितलं की हे आपल्या तिघांत राहू द्या, पत्रक तयार आहे.

संध्याकाळच्या बैठकीत मास्तरांनी माझं पत्रक मोठ्याने वाचलं. खोली तापली. कुणी म्हणालं दहा हजार प्रती काढा. कुणी म्हणालं गाडीला हार घालून मोर्च्यात सर्वांत पुढे ठेवा. काकांना हवं ते सगळं त्यांच्या पायाशी येऊन पडलं होतं. तेवढ्यात ते कोपऱ्यातून उठले.

"मास्तर, ह्यां छापू नकात. कोणी कापूक नाय, कोणी मोडूक नाय. तेल मी घातलां."

मी त्यांचा सदरा ओढून बसा, बसा म्हणत होतो. त्यांनी माझा हात सोडवला.

"बत्तीस वर्सां तेलवालो मी," ते म्हणाले. "खंय घालूचां नाय, तां माका आज कळलां."

खोलीत कुणी हसलं नाही. तिथले अर्धेअधिक लोक गिरणीतले होते. बत्तीस वर्षांच्या हाताने आपली चूक सांगायला काय लागतं हे त्यांना पत्रकाशिवाय समजत होतं. मास्तरांनी कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली. मग म्हणाले, "काका, रविवारी गाडी तुमचीच. फक्त सकाळी पुलावर उभी करून दाखवा."

रविवारी सकाळी निम्मी चाळ पुलावर हजर होती. काकांनी चढावर गाडी थांबवली. ब्रेक असा किंचाळला की कठड्यावरचे कावळे उडाले. काकांचा हात सवयीने बुधलीकडे गेला, वाटेत थांबला, आणि परत आला. त्यांनी दांडा ओढला. कट, कट, कट, कट. त्यांनी पाय काढला. गाडी हलली नाही.

मोर्च्याच्या वेळी मी त्याच चढावर, त्याच पायरीवरून पाऊण तास बोललो. माझ्या आयुष्यातलं ते सर्वांत चांगलं भाषण, असं पुष्कळांनी सांगितलं. काका तेवढा वेळ मागच्या चाकाशी उकिडवे बसून होते, धोंड दोन्ही हातांत तयार धरून. खाली उतरल्यावर मी विचारलं, "काका, कसं झालं भाषण?"

"धरल्यान," काका म्हणाले. चाकावरची नजर त्यांनी तेव्हाही काढली नव्हती.

महाराष्ट्र झाला, मुंबईसकट झाला. वर्षभराने काका आणि मावशी कोकणात गावी गेले. तिथे आडाचा रहाट फार ओरडतो, असं कारण काकांनी सांगितलं. गाडी मिस्त्रीने नेली. त्यांच्या खोलीत आता मी राहतो. ते पत्रक माझ्याजवळ आहे, न छापलेलं, आणि काही फार जोरकस लिहून झालं की मी ते काढून वाचतो.

मागच्या दिवाळीच्या सुमारास खोलीचं दार कुरकुरू लागलं. मी काकांना पत्र टाकलं की बुधली इथेच राहिली आहे, दोन थेंब घालू का? उलट टपाली कार्ड आलं. अक्षर मावशीचं, मजकूर त्यांचा. "तू घालू नकोस. किती घालायचं ते तुला कळत नाही. मी येतो."

त्यानंतर शिमगा झाला, गणपती झाले. दार उघडं राहावं म्हणून जिन्याखालची धोंड मी वर आणून त्याला लावली आहे. तरी वारा आला की ते थोडं हलतं, कुरकुरतं. शेजारचे म्हणतात, अहो, तेल घाला की. मी लिहायचा थांबतो, जिन्याकडे कान देतो, आणि म्हणतो, माणूस यायचा आहे.