आईने ज्याला नोकर म्हटलं

आमच्या घरात नोकर हा शब्द कोणी उच्चारत नसे. नागपूरच्या महाल भागातल्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत बाबांचा वेताच्या खुर्च्यांचा कारखाना होता. कारखाना म्हणायचा एवढंच. स्वतः बाबा, दोन म्हातारे कारागीर आणि वेत भिजत घालायची सिमेंटची टाकी. हिवाळी अधिवेशन जवळ आलं की सरकारी ऑफिसांतल्या, साहेबलोकांनी बसून बसून फाडलेल्या खुर्च्या हातगाड्यांवर लादून आमच्या दारात येत. मग दिवाळीचा फराळही आम्ही त्या ढिगात जागा करून खात असू. कारागीर दुपारी आमच्याच स्वयंपाकघरात जेवत. पगार ठरलेला, पण तो तोंडी. कागद करायचा तो परक्याशी, असा आमच्या गल्लीचा रिवाज होता. घरच्या माणसाला कोणी कागद देतं का?

मी तेव्हा मॅट्रिक होऊन घरात बसले होते आणि तोंडाची फटकळ म्हणून गल्लीत नाव कमावून होते. बाबांचा पत्रव्यवहार मी पाहायची. बाबा लिहिण्याला भीत आणि मी कशालाच भीत नसे.

पासष्ट साली पाकिस्तानशी लढाई झाली त्याच्या पुढच्या वर्षी तो आमच्याकडे आला. पूर्व बंगालमधलं गाव सोडून बायकोसकट पळालेला आणि रायपूरकडच्या छावणीत येऊन पडलेला. बाबांच्या ओळखीचे एक मास्तर तिथे कपडे वाटायला गेले होते. छावणीच्या ऑफिसातली फाटकी खुर्ची हा माणूस विणताना त्यांनी पाहिला आणि खटपट करून त्याला नागपूरला आणला. परवानगी मिळाली ती थोड्या महिन्यांची. तेवढ्यात कायमची नोकरी लागली तर छावणी सुटणार होती आणि बायकोला इथे आणता येणार होतं. नाहीतर परत जायचं. बायको छावणीत एकटी होती आणि तिचा ताप हटत नव्हता.

आई मौद्याकडची, शेतकऱ्याची लेक. महालात इतकी वर्षं राहूनही तिने आपली बोली सोडली नव्हती, आणि कोणी हसलं तर त्यालाच चार शब्द ऐकवायची. पहिल्या दिवशी तिने त्याच्या ताटात पोळ्या वाढल्या. तो नुसता बघत बसला. "पोळीकडे असा पाहून राहिला, जसं काही कोर्टाचं बोलावणं आलं," ती म्हणाली आणि दुसऱ्या दिवसापासून भाताचं मोठं पातेलं चढवू लागली. तो तिला माँ म्हणायचा. त्याला मराठी येत नव्हतं, आईला हिंदी यायचं नाही, आणि दोघं तासन्‌तास बोलत. काय बोलत ते देव जाणे.

कामाला मात्र वाघ होता, आणि बाबांनी त्याचाही पगार इतरांसारखा तोंडीच ठरवला होता. संध्याकाळी सगळ्यांचे हात थांबले की उरलेल्या वेताच्या पट्ट्या घेऊन तो बसायचा एक बुटका, गोल मोढा विणत बसे. कोणासाठी, असं मी एकदा विचारलं. "घरवाली," तो म्हणाला. तिला जमिनीवर बसून स्वयंपाक करायला त्रास होतो, हे त्याने हातवारे करून सांगितलं. मोढा पुरा झाल्यावर त्याने तो माळ्यावर नीट झाकून ठेवला.

एका सकाळी कामगार खात्याचे निरीक्षक आले. बाबा कळमेश्वरला शाळेच्या खुर्च्या पोचवायला गेले होते. आई पदर सावरून पुढे झाली. मी आत चहा टाकत होते, सगळं ऐकू येत होतं.

"हा बंगाली माणूस तुमच्याकडे नोकर आहे का?"

"नोकर? आमच्या घरी कोणी नोकर नाही, साहेब. तो घरचा माणूस हाय."

"पगार किती देता?"

"घरच्या माणसाले कोणी पगार देते का? जेवते, राहते, आपलं घर समजून काम करते."

त्यांनी तोच प्रश्न फिरवून पुन्हा विचारला. आईने तेच उत्तर आणखी ठासून दिलं. खरं सांगते, आत उभी राहून मला आईचा अभिमान वाटला. तोही तिथेच टाकीपाशी बसला होता. त्याला एवढंच कळलं की माँ आपल्याबद्दल काहीतरी चांगलं बोलते आहे. तो हसत होता.

आठवड्याभरात कागद आला. सदर इसमास नोकरी नसल्याचे आढळले, सबब महिनाअखेर त्याने छावणीत हजर व्हावे. मी वाचून दाखवलं आणि त्याला हिंदीत समजावलं. तो उठला, माळ्यावर चढला, मोढा खाली घेऊन आला आणि आईच्या पायाशी ठेवून म्हणाला, "आप रखो, माँ." आईने त्या दिवशी जेवण केलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी बाबांना घेऊन त्या ऑफिसात गेले आणि निरीक्षकांवर तुटून पडले. लोकांची घरं जळतात, देश सुटतो, आणि तुम्ही इथे खुर्चीवर बसून त्यांना हुसकून लावता, असलं बरंच काही. ती खुर्चीही आम्हीच विणलेली आहे, हेसुद्धा ऐकवलं. बाबा माझी बाही ओढत होते.

निरीक्षक अंगाने वाळकुडे, स्वभावाने शांत गृहस्थ होते. माझं संपेपर्यंत थांबले, बाबांना बसायला सांगितलं आणि मग म्हणाले, "असं आहे, बाई. निर्वासिताला कामावर ठेवायचं तर मालकाने लेखी पत्र द्यायला पाहिजे. काम काय, तास किती, पगार किती. शेजारी बसणाऱ्या कारागिराला जेवढा, तेवढाच याला. आठवड्याला एक सुटी. त्याचे कागद त्याच्याजवळ राहतील, मालकाच्या पेटीत नाही. आणि राहता पत्ता पोलीस चौकीत कळवायचा."

"पण आम्ही त्याला घरच्यासारखं ठेवतो," बाबा म्हणाले.

"तेच तर. घरचा माणूस, घरचा माणूस म्हणत फुकट राबवून घेणारे मी पुष्कळ पाहिले. जेवू घालतात, पगार देत नाहीत, आणि तोंड उघडलं की छावणीत परत पाठवतो म्हणून दम देतात. तुम्ही तसले नाही, हे मला दिसते. कायद्याले दिसत नाही. त्याले कागद लागतो."

नुसता शिक्का मारून त्यांना मोकळं होता आलं असतं. पण त्यांनी बाबांना पत्र कसं लिहायचं ते समजावून दिलं, आणि आईने दिलेला जबाब आईनेच येऊन बदलायला हवा, हेही सांगितलं. त्या गृहस्थांचे उपकार मी अजून विसरलेली नाही.

पत्र मी लिहिलं. एकाला दिलं म्हणजे तिघांनाही द्यायचं, असं बाबांनी ठरवलं, तर दोन्ही म्हातारे कारागीर रुसून बसले. "मालक, काहून गा असं? भरोसा उडाला का माह्यावरचा?" एकजण डोळ्यांत पाणी आणून म्हणाला. बाबांनी त्याची कशीबशी समजूत घातली. आईची समजूत मात्र कोणालाच घालता येईना. देवापुढे लेकरू म्हटलं त्याला सरकारपुढे नोकर कसं म्हणू, हे तिचं पालुपद.

शेवटी आम्ही तिला सायकलरिक्षात बसवून नेलंच. तोही बरोबर होता. निरीक्षकांनी विचारलं, "हा तुमच्याकडे कोण आहे?"

बाबांनी खाकरून पाहिलं, मी चिमटा काढला. आई जमिनीकडे बघत राहिली. तेव्हा तो पुढे आला, तिच्यासमोर उकिडवा बसला आणि हळूच म्हणाला, "माँ, नौकर बोलो. नौकर बोलोगी, तो वो आएगी."

आईने डोळ्याला पदर लावला. "नोकर हाय," ती म्हणाली. "पगार देतो आम्ही त्याले." आणि मग निरीक्षकांकडे बघून, "झालं तुमचं समाधान?"

"माझं नाही, कायद्याचं," ते म्हणाले आणि लिहू लागले.

त्याची बायको थंडीत आली, हाडांचा नुसता सापळा. आई स्वतः स्टेशनवर गेली होती. घरी आणून तिने तिला त्या मोढ्यावर बसवलं आणि वरणभात कालवून समोर ठेवला. कायद्याप्रमाणे आठवड्याची सुटी आता द्यावीच लागे, तर त्यावरही आईने तोड काढली. "सहा दिवस तू साहेबाचा नोकर," ती त्याला म्हणायची, "रविवारी माह्या घरचा." रविवारी दोघं पाहुण्यासारखे जेवायला येत आणि आई त्याला वेताला हात लावू देत नसे. पुढे त्यांनी वेगळं बिऱ्हाड केलं, मुलं झाली, रविवार काही चुकला नाही.

बाबा गेल्यावर त्यानेच कारखाना सांभाळला, माझं लग्नही त्याच्याच हातून पार पडलं. आईच्या शेवटच्या दुखण्यात ती हॉस्पिटलात होती तेव्हा रात्रीची पाळी त्याची असे. एकदा नव्या नर्सने वहीत लिहायला त्याला विचारलं, "तुम्ही पेशंटचे कोण?"

तो कागदाला बिचकणारा माणूस. उठून उभा राहिला आणि आता चांगल्या येणाऱ्या मराठीत म्हणाला, "मी यांच्याकडे नोकर आहे."

आई डोळे मिटून पडली होती. तिने हात उचलून नर्सला जवळ बोलावलं.

"तसं लिहू नको वं," ती म्हणाली. "तेव्हा त्याची बायको आणायची होती म्हणून मी खोटं बोलली. आता खरं लिही. लेकरू हाय माहं."

नर्सने माझ्याकडे पाहिलं. मी होकाराची मान हलवली, आणि तिने लिहिलं.