निपचित पडलेल्या पेशी

ऐंशी सालानंतरची गोष्ट. मी दूरच्या एका शहरात प्रयोगशाळेत होते. पूर्ण वाढलेल्या उंदराच्या हृदयाचे स्नायू सुटे करायचे आणि त्यांच्या पेशी काचेच्या बशीत जगवायच्या, एवढंच माझं काम. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाच्या पेशी सहज जगत. मोठ्या उंदराच्या मात्र हट्टाला पेटल्यासारख्या मरत. सूक्ष्मदर्शकाखाली त्या विटांसारख्या लांबट दिसत. सुट्या करताना काढून घेतलेलं कॅल्शियम द्रावणात परत घातलं की आखडून गोळा होत. वर्षभर मी हे रोज पाहिलं. शेवटी कॅल्शियम अगदी थोडंथोडं वाढवत नेलं, तेव्हा एका खेपेच्या पेशी चार दिवस टिकल्या.

ते सांगायला मी आसगावला घरी गेले. धानाची कापणी चालली होती. बाबा खळ्यावर पेंढ्यांची उंच रास, पुंजणं, रचत होते. मी खालून पेंढ्या देत होते आणि बोलत होते.

"मंग त्या बशीत धडधड करून राहिल्या असतीन," बाबा म्हणाले.

"नाही बाबा. चांगली पेशी निपचित पडून राहते. विजेचा झटका दिला तरच आकसते. आपोआप फडफडायला लागली की समजायचं, आता ती जाणार."

त्यांनी हातातली पेंढी खाली ठेवली. "माह्या छातीत परवापासून तसंच फडफडून राहिलं."

अख्ख्या हृदयाचं तसं नसतं, ते धडधडायलाच हवं, असं मी घाईघाईनं समजावू लागले. बोलता बोलता त्यांचं मनगट धरलं. नाडीला ताल नव्हता. दोन ठोके घाईनं, मग काहीच नाही, मग एक. घड्याळाकडे बघून मोजायला गेले आणि मोजणं चुकलं. मान वर केली तर बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते.

"माही पेशीबी जाऊन राहिली का?" त्यांनी विचारलं.

"काहून असं बोलता? उद्या भंडाऱ्याले जाऊ."

"पुंजणं झालं का मंग जाऊ."

"नाही. उद्याच."

सकाळच्या एसटीत ते खिडकीशी बसले आणि पवनी मागे पडेपर्यंत बाहेरची कापणी बघत राहिले. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी ईसीजीच्या कागदावरची आडवीतिडवी रेघ बराच वेळ पाहिली. हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. स्नायूचा एक भाग मेला होता आणि तो परत उगवणार नव्हता. गोळ्या आणि आराम, याहून जास्त त्यांच्याकडे काही नव्हतं.

बाबा आणखी दोन वर्षं जगले. मी घरी गेले की चांगलं बोलत, जेवायचा आग्रह करत; पण मी जवळ बसले की मनगट खांद्यावरच्या दुपट्ट्याखाली घेत. आईनं एकदा कारण विचारलं.

"तिचं तोंड पायलं मी त्या दिवशी," ते म्हणाले. "पुन्हा नाही पायाचं."

मी ओसरीवरून ऐकलं. आत गेले नाही.

तार आली तेव्हा मी प्रयोगशाळेत होते. तारेत फक्त 'निघून ये' एवढंच होतं. हातातल्या बशा उबदार कपाटात ठेवल्या, सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद केला आणि स्टेशनवर गेले.