डॉक्टरला न सांगितलेलं ऑपरेशन

माझ्या छातीची एक बाजू पुण्यात कापली. केमो झाली, केस गेले, केस आले, आणि डॉक्टर म्हणाले, तुम्ही बऱ्या झालात. नवरा आधीच गेला होता. एकटी कशाला राहतेस म्हणून मुलगा मला सिंगापूरला घेऊन आला. क्लेमेंटी भागात बाराव्या मजल्यावर भाड्याचा फ्लॅट. तो आणि सून सकाळी आठला बाहेर पडत ते संध्याकाळी सातला परत येत.

बरी झाल्यावरच मी बिघडले. आजारपणात रोज काहीतरी असे, सुई, रक्त, तपासणी. ते संपलं आणि नुसती भीती उरली. काखेत जरा दुखलं की दिवसभर बोटांनी चाचपत बसायची. एकदा जेवताना मुलाला म्हटलं, तेव्हाच मेले असते तर सुटले असते. तो म्हणाला, पॉझिटिव्ह राहा. सुनेने माझ्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

झोप येईना म्हणून त्याने मला बिल्डिंगखालच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर चिनी बाई, तरुण. ती विचारी, मुलगा उत्तर देई. माझ्याकडे दोघंही फारसं बघत नव्हते. बाहेर आल्यावर मी विचारलं, ऑपरेशनचं सांगितलंस का? तो नाही म्हणाला. माझा इथे राहायचा पास अधूनमधून वाढवून घ्यावा लागे, आणि कॅन्सर कुठल्याही कागदावर आला की पास गेला, असं ऑफिसातल्या मराठी मंडळींनी त्याच्या डोक्यात भरवलं होतं. पासच्या अर्जात असलं कोणी विचारलंच नव्हतं, हे फार पुढे कळलं. तेव्हा डॉक्टरीणबाईच्या लेखी मी झोप न येणारी एक म्हातारी. तीनदा गेलो, तीनदा झोपेच्याच गोळ्या मिळाल्या.

मग एका सोमवारी मी उठलेच नाही. दुपारचे तीन वाजले. लघवीला लागली होती तरी पडून राहिले. शेवटी उठले, कारण अंथरूण मलाच धुवावं लागलं असतं. त्या दिवशी मला माझीच भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी दोघं गेल्यावर मी एकटी खाली दवाखान्यात गेले. मी चौथी शिकलेली, इंग्रजी येत नाही. डॉक्टरीणबाईने मुलगा कुठे म्हणून विचारलं, तेवढं समजलं. सांगायला शब्द नव्हते, म्हणून दार लावलं आणि ब्लाउजचे हुक काढले. तिने छातीकडे बघितलं, मग कॉम्प्युटरकडे, मग परत माझ्याकडे. कॉम्प्युटरमध्ये ते नव्हतं.

तिने काउंटरवरच्या बाईला आत बोलावलं. बाई तमिळ, पण हिंदी येणारी. माझी हिंदी भाजीबाजारातली. मी म्हटलं, "ये काट दिया, मैं बच गई. अब जीने का मन नहीं."

ती बाई म्हणाली, "आंटी, ये डॉक्टर को बोलूं?"

"उसी के लिए आई हूं."

मग डॉक्टरीणबाईने तिच्यामार्फत असे प्रश्न विचारले, जे पुण्यात काय, इथे काय, कोणीच विचारले नव्हते. असं किती दिवस वाटतंय, जिवाचं काही करून घ्यायचं मनात येतं का. खरं ते सांगितलं. अजून काही केलं नाही, पण खिडकीपासून लांब बसते.

डॉक्टरीणबाईने मुलाला फोन केला. तो ऑफिसातून धावत आला, घामाने निथळत. आल्या आल्या म्हणाला, "आई, पास गेला तर काय, विचार केलास?"

"मी गेले तर कोणाचा पास वाढवशील?"

डॉक्टरीणबाईने मला पुन्हा बोलायला लावलं, आमच्या भाषेत, आणि त्याला म्हणाली, आता हे मला इंग्रजीत सांगा. मी म्हटलं, मला जगावंसं वाटत नाही. त्याने सुरुवात केली, थांबला, परत सुरुवात केली. या वेळी त्याने काही गाळलं नाही. काउंटरवरच्या बाईने माझ्याकडे बघून होय म्हणून मान हलवली, म्हणून कळलं.

गोळ्या बदलल्या. नोव्हेनाच्या हॉस्पिटलातल्या मनाच्या डॉक्टरसाठी चिठ्ठी मिळाली, पण तारीख पाच आठवड्यांनंतरची. तोवर हिला एकटं ठेवू नका, रोज मला फोन करून कळवा, असं डॉक्टरीणबाईने बजावलं. पाच आठवडे मला डोंगराएवढे वाटले. पहिल्या दिवशी मुलाने रजा काढली. आम्ही समोरासमोर बसलो. दुपार झाली, ऑफिसचे फोन येत होते. त्याने ते घेतले नाहीत.