माझ्या नावाचं फोल्डर

कुणी रस्ता विचारायला फोन केला की आमच्या टीममध्ये नवीन आलेली ती मुलगी आधी एकच विचारते, "तू आत्ता कुठे उभा आहेस?" ते कळल्याशिवाय आमच्या चकाल्याच्या ऑफिसचा रस्ता ती कुणालाच सांगत नाही. बोलताना दोन बोटांनी टेबल वाजवत असते.

आमचा सगळा कोड गिटमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक साठ्यात असतो आणि त्यातल्या स्क्रिप्ट, म्हणजे छोटे प्रोग्राम, मी लिहिलेले. सेटिंगच्या फाइलचा पत्ता मी प्रत्येक स्क्रिप्टमध्ये माझ्याच लॅपटॉपवरचा टाकला होता. त्यामुळे नवा माणूस आला की आधी स्वतःच्या लॅपटॉपवर माझ्या नावाचं फोल्डर बनवायचा आणि फाइल त्यात ठेवायचा. मला मनातून बरं वाटायचं.

ती मात्र पहिल्याच दिवशी अडून बसली. "माझ्या लॅपटॉपवर तुझ्या नावाचं फोल्डर कशाला रे?"

मग ती माझ्या स्क्रिप्ट बदलायला बसली, आणि महिनाभर टेबल वाजत राहिलं. काल ती जवळजवळ धावतच माझ्या खुर्चीशी आली. "आता स्क्रिप्ट आधी गिटला विचारते, या लॅपटॉपवर मी कुठे आहे? मग तिथून फाइल शोधते. चल, उडव तुझं फोल्डर!"

"आणि वाट लागली तर?"

"उडव ना यार!"

मी माझ्या लॅपटॉपवरून ते उडवलं. सगळे पाठीमागे गोळा झाले. तिने स्क्रिप्ट चालवली आणि तिची बोटं पहिल्यांदाच थांबली. ओळी भराभर सरकल्या, एकही लाल नाही, आणि खाली हिरव्या अक्षरांत उमटलं, "झालं."

आता ते फोल्डर कुणालाच लागणार नव्हतं. माझं नाव ऑफिसातून पुसलं गेलं होतं, आणि सगळ्यांत मोठ्याने "झकास!" मीच ओरडलो होतो.