हेडसेट लावला ती दुपार
नव्या फोमचा रबरी वास आला की मला वर्ध्यातल्या वीज तक्रार केंद्रातली एक दुपार आठवते. दिवसभर रिसीव्हर खांद्यात दाबून तक्रारी लिहिताना माझ्या शेजारच्या टेबलावरच्या ताईंची मान कायमची धरली होती, आणि फार मागण्या केल्यावर एकदाचे वायरचे हेडसेट आले. कूलर गरम वाराच फेकत होता. मी घामाघूम होऊन ताईंच्या फोनमधून रिसीव्हरची वायर काढली, तिथे हेडसेटची पिन बसवली, आणि तेवढ्यात फोन वाजला. ताईंनी बटण दाबून तो घेतला. हिंगणीहून एक बाई बोलत होती, इतक्या मोठ्याने की मलाही ऐकू आलं. "जिवंत तार तुटून पडली जी वावरात, पोरं तिकडंच खेळून राह्यले!" ताई ओरडल्या, "आयकून राह्यली मी, बोला!" पण त्यांचा आवाज पलीकडे जातच नव्हता. "कोणीच नाई जी बोलत," असं रडत म्हणून बाईने फोन ठेवला. मी पिन उपटून रिसीव्हर जोडला. ताईंनी आधी सबस्टेशनला सांगून हिंगणीची लाइन बंद करवली. बाईचा पुन्हा फोन आला, पोरं सुखरूप होती. संध्याकाळी हेडसेटच्या वायरवरचं माइक बंद-चालू करायचं बारीक बटण दिसलं, ते सरकवलं तेव्हा आवाज दोन्हीकडून नीट येऊ लागला. ताईंनी मात्र हेडसेट काढून ठेवला. "राहू दे बाबू, माही मानच दुखू दे." आता माझं ऑफिस वेगळं आहे, तरी हेडसेट लावला की मी नमस्काराच्याही आधी विचारतो, "माझा आवाज येतोय ना?"