खाली पडलेला फासा

"खाली पडलेला फासा मेला," असं म्हणून काका टेबलावर एक बोट आपटत. मग वाकून, फाशावर तळहात झाकून, आकडा न बघता तो उचलत आणि टेबलावरच्या फाशासकट पुन्हा स्टीलच्या वाटीत टाकत. बघितलं की मोह होतो, असं त्यांचं म्हणणं.

बेडोकला आमच्या ब्लॉकशेजारच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉलांच्या मंडईत, तुम्ही कधी शनिवारी सकाळी आला असाल, तर त्या वाटीचा खुळखुळाट नक्की ऐकला असेल. टिश्यूचं पाकीट ठेवून टेबल अडवायची इथली रीत. काका पाकीट ठेवून घरी जात आणि आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून पुन्हा खाली येत. फासे टाकायला इस्त्री कशाला, असं विचारायची सोय नव्हती. रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत ते ऑडिटला होते आणि मी त्याच मजल्यावर अकाउंट्समध्ये. येता-जाता एमआरटीची मेट्रो एकच, त्यामुळे त्यांची सगळी मतं मला तोंडपाठ झाली होती.

त्यांचा खेळ म्हणजे फाशांचं क्रिकेट. इथल्या मराठी लोकांची रविवारची एक टीम आहे, पूर्वीपासूनची. तिच्या वेगवेगळ्या वर्षांच्या स्कोअरशीटवरून काकांनी प्रत्येक खेळाडूचं एक कार्ड केलं होतं. दोन फासे टाकायचे, बेरीज करायची आणि कार्डावर बघायचं. कुणाला आठला चौकार, तर कुणाची आठला दांडी गुल. जो मैदानावर जसा खेळला, तसं त्याचं कार्ड. मग कधी एकत्र न खेळलेल्या दोन वर्षांच्या टीम समोरासमोर आणायच्या.

स्वतः काका अगदी पहिल्या वर्षीच्या टीमचे अकरावे खेळाडू. त्यांचं कार्ड वाचून कुणालाही हसू यावं. जिकडे तिकडे आऊट, फक्त बाराला षटकार. तोही एकदा डोळे मिटून बॅट फिरवली तेव्हा बसलेला.

"काका, स्वतःचं कार्ड थोडं सुधारा की. कोण बघतंय?" मी एकदा म्हटलं.

"अगं, मी बघतोय ना," ते म्हणाले आणि कोपी, म्हणजे इथली कॉफी, ढवळत बसले.

असला माणूस टीममध्ये असणं हा काही निव्वळ आनंद नव्हता, हे कॅप्टनला विचारा. कॅप्टन म्हणजे त्या पहिल्या टीमचे कॅप्टन, काकांचे जिवलग दोस्त. एका फायनलला शेवटची जोडी खेळत होती. चेंडू काकांच्या बॅटला पुसटसा लागून कीपरकडे गेला. कुणी ऐकलं नाही, अंपायरनं मान हलवून नाबाद दिलं, आणि काका बॅट काखेत मारून चालू लागले. कप गेला. कॅप्टन घरी पोहोचेपर्यंत त्यांच्याशी बोलले नाहीत, आणि पुढे दर गणपतीत ती गोष्ट तिखटमीठ लावून सांगत राहिले. काका शेजारी बसून मोदक खात ऐकायचे.

निवृत्तीनंतर कॅप्टन पुण्याला गेले आणि तिथे त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. हातपाय हळूहळू सुधारले, पण बोलणं गेलं. एखादा शब्द यायचा, वाक्य नाही. त्याच सुमारास जुरोंग ईस्टचा निखिल, आत्ताच्या टीमचा कॅप्टन, जेवताना सहज म्हणाला, "काका, तुमच्या त्या टीमला आम्ही आरामात हरवलं असतं."

"ठरवून टाकू," काका म्हणाले. "पाच सामने. कॅप्टन बघतील."

तेव्हापासून दर शनिवारी टिश्यूच्या पाकिटाला टेकवून फोन उभा राहू लागला आणि त्यात पुण्याहून कॅप्टन दिसू लागले. काका फासे टाकत आणि कॉमेंट्री करत. पलीकडून कधी "हं", कधी "चार". कॅप्टनच्या बायकोनं, वहिनींनी, मला सांगितलं, "शनिवारी सकाळी स्वतःहून दाढीचं सामान मागतात गं." पहिली टीम जिंकावी असं आम्हा सगळ्यांना वाटू लागलं. निखिललासुद्धा वाटत होतं. हरला की तो फार खूश दिसायचा.

दोन सामने त्यांचे, दोन ह्यांचे. पाचव्यात पहिल्या टीमची शेवटची जोडी, शेवटचा चेंडू, चार धावा हव्यात आणि समोर खुद्द काकांचं कार्ड. म्हणजे बारा पडले तरच जमणार.

वाटी उलटी झाली. एक फासा टेबलावर थांबला: सहा. दुसरा काठावरून गडगडत माझ्या स्टुलाखाली गेला. निखिल आधी वाकला.

"सहा! काका, बारा झाले. जिंकलात तुम्ही."

"तो खाली आहे," काका म्हणाले.

"भावोजी, आजच्या दिवस असू द्या ना," फोनमधून वहिनी म्हणाल्या.

काकांनी फोनकडे पाहिलं. कॅप्टन टक लावून बघत होते. मला वाटलं, आता विरघळणार. मनातून मी देवाला हात जोडले. काका वाकले, फाशावर तळहात ठेवला, दोन्ही फासे वाटीत टाकले आणि हलवले. सात. त्यांच्या कार्डावर सातला आऊट.

कोपीचे कप उचलणारी आंटीसुद्धा थांबली. मग फोनमधून एक-एक शब्द ओढत आवाज आला.

"गाढवा... तेव्हाही... तूच... हरवलंस."

वहिनी आधी हसल्या आणि मग रडू लागल्या. काकांनी डोळे पुसायला नेमकं फोनला टेकू दिलेलं पाकीट ओढलं. फोन आडवा झाला आणि कॅप्टन हॉकर सेंटरचा पंखा बघत बसले.

पुढच्या वर्षी काका निवृत्त झाले आणि पुण्याला गेले, कॅप्टनच्या गल्लीतच. वाटी आणि कार्डं मात्र आमच्याकडे ठेवून गेले. ते टेबल आता रिकामं वाटतं, हे सरळच सांगते. तरी आम्ही खेळतो.

गेल्या शनिवारी फासा खाली पडला. निखिलनं वाकून त्यावर तळहात ठेवला आणि न बघता उचलला. मला राहवलं नाही, मी तिथूनच पुण्याला फोन लावून काकांना हे सांगितलं.

"न बघता? शाबास," काका म्हणाले.

मागून कॅप्टन खणखणीत आवाजात ओरडले, "सहाच असणार, गाढवांनो!"