शेऱ्याचा रकाना

माझं अक्षर चांगलं आहे. पूर्वी हे मी मिरवत असे, आता नुसतं सांगते. उज्जैनच्या एका सरकारी कन्याशाळेत मी तीसेक वर्षं गणित शिकवलं, आणि त्या सगळ्या वर्षांत शाळेतून बाहेर गेलेली जवळजवळ प्रत्येक यादी माझ्या हातची होती. आमच्या मोठ्या बहनजींना, म्हणजे मुख्याध्यापिकांना, कोरा रकाना खपत नसे. एक जागा रिकामी दिसली की अख्खा कागद परत यायचा. माहीत नसेल तर विचारा आणि भरा, असं त्यांचं म्हणणं. ती सवय माझ्या हाडीमांसी खिळली. वाण्याची यादीसुद्धा मी रकाने आखून करायची, आणि घरातले हसायचे.

ब्याण्णवचा सिंहस्थ उरकून दोन-तीन वर्षं झाली होती. फ्रीगंजच्या पलीकडे आमची नवी कॉलनी बसत होती. बँकेतले, रेल्वेतले, विम्यातले, शाळेतले असे पगारदार लोक, त्यात आठ-दहा घरं आम्हा मराठ्यांची, म्हणजे मराठी बोलणाऱ्यांची. इथे आम्हाला सगळे तेवढंच म्हणतात. त्या वर्षांत कॉलनीत भराभर वस्तू यायला लागल्या. रंगीत टीव्ही आले, गच्चीवरून केबलच्या काळ्या तारा गेल्या, कोपऱ्यावर एसटीडीचा पिवळा बूथ उघडला. आमच्याकडेही हप्त्यावर फ्रिज आला. त्याच वर्षी माझ्याकडे भांडी-फरशी करणाऱ्या बाईच्या नवऱ्याची कापडाची मिल बंद पडली आणि तो घरं रंगवायच्या कामाला लागला. सकाळी देवास गेटला ब्रश घेऊन उभा राहायचा, कोणी नेलं तर जायचा. या दोन गोष्टी मी तेव्हा जोडून पाहिल्या नाहीत. फ्रिज कुठे ठेवायचा याचीच चर्चा आमच्याकडे आठवडाभर चालली होती.

वस्तूंपाठोपाठ भीती आली. आधी जी दारं दिवसभर उघडी असायची त्यांना जाळीची दुसरी दारं लागली. कोणाच्या अंगणातून नळाची तोटी गेली तरी संध्याकाळी चार पुरुष फाटकाशी उभे राहून चिंता करायचे. अशात आमच्या भागाच्या थान्यावरून बोलावणं आलं. पोलीस आणि जनता यांनी मिळून काम करायचं, म्हणून दर कॉलनीतल्या सभ्य लोकांची एक समिती. सभ्य कोण, ते थान्याने ठरवलं होतं. शेजारचे बँकेतून रिटायर झालेले काका अध्यक्ष झाले. महिला सदस्य म्हणून माझं नाव त्यांनीच घातलं.

पहिली बैठक थान्याच्या आवारात, मांडवाखाली झाली. मी जन्मात पहिल्यांदा थान्याची पायरी चढले होते आणि मनातून घाबरले होते, पण तिथे गरम कचोऱ्या, चहा आणि स्वच्छ चादर घातलेल्या खुर्च्या होत्या. टीआई साहेब, म्हणजे थान्याचे मुख्य, तरुण आणि गोड बोलणारे होते. पोलीस एकटे काय करणार, डोळे आणि कान तर तुम्हीच, असं म्हणाले. मग त्यांनी काम सांगितलं. प्रत्येक कॉलनीने आपल्याकडे येणाऱ्या कामवाल्या बायका, माळी, दूधवाले, रंगारी, इस्त्रीवाले, सगळ्यांचं रजिस्टर करायचं. काकांनी तिथल्या तिथे माझ्याकडे बोट केलं. "वहिनींची राइटिंग पाहाल तर छापल्यासारखी आहे साहेब," असं काहीसं हिंदीत म्हणाले. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मी हरभऱ्याच्या झाडावर चढले आणि बराच काळ उतरले नाही.

टावर चौकातून जाड पुठ्ठ्याचं लाल कापडी पाठीचं रजिस्टर आणलं. थान्याच्या नमुन्याप्रमाणे रकाने आखले. नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, पत्ता, कुठल्या घरी काम, कधीपासून. शेवटचा रकाना होता 'विशेष टीप', म्हणजे आपला शेऱ्याचा. इतर कॉलन्यांच्या रजिस्टरात तो रकाना कोरा राहिला, हे मला मागाहून कळलं. माझ्या रजिस्टरात एकही जागा कोरी नव्हती.

पत्त्यांचं तर काय सांगावं. ही माणसं नाल्यापलीकडच्या वस्तीत राहायची, तिथे घरांना नंबर नाहीत. मी एकेकाला ओट्यावर बसवून विचारलं. हापशाच्या मागे तिसरं दार, निळा पडदा, शेजारी पिठाची चक्की. पोस्टमनलाही इतकं नीट सांगता आलं नसतं. शेऱ्यात मी लिहीत गेले, मेहनती आहे, तंबाखू खातो, तोंडाने तिखट पण हाताने स्वच्छ. मला ते काम आवडत होतं, हे कबूल करायला हवं. आपण सगळ्यांना ओळखतो, कोणावर अन्याय होऊ देत नाही, असं काहीतरी वाटत असे. कॉलनीतल्या मालकांचंही एक रजिस्टर करावं, असं मात्र कोणाच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही.

आता त्या भांडी-फरशीवाल्या बाईबद्दल. तोवर माझ्याकडे ती पाच-सहा वर्षं येत होती. दुपारी शाळेतून आले की ती भांड्यांना यायची, आणि भांडी झाली की स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून आम्ही दोघी चहा घ्यायचो. तिची स्टीलची वाटी वेगळी होती, तेही सांगून टाकते. पण बोलणं वेगळं नव्हतं. सासूचं, दिराचं, मुलीच्या तापाचं, सगळं ती मला सांगायची. एकदा तिने सांगितलं की लग्नाआधी नवऱ्याला गावच्या पोलिसांनी सायकल चोरल्याच्या संशयावरून नेलं होतं. सायकल दुसऱ्याच दिवशी भलत्याकडे सापडली आणि त्याला सोडलं. हे सासरी कोणी बोलत नाही, मुलीलाही माहीत नाही, असं ती म्हणाली आणि पदराने वाटी पुसत बसली. मी तिला म्हटलं, अगं, त्यात लाजायचं काय, सुटला ना.

तिच्या नवऱ्याचं पान भरताना मी शेऱ्यापाशी थांबले. तो कॉलनीतली चार घरं रंगवून गेला होता, त्यामुळे त्याचं नाव घेणं भाग होतं. मेहनती हा शब्द त्या पानावर तीनदा येऊन गेला होता. मग मी लिहिलं, विवाह के पूर्व एक बार साइकिल चोरी के संदेह में थाने ले जाया गया, निर्दोष छूटा. निर्दोष या शब्दाखाली मी पट्टीने रेघ ओढली. मला वाटलं, कुठून तरी अर्धवट कळण्यापेक्षा पोलिसांना खरं काय ते एकदाच कळलेलं बरं. असं वाटलं, असं मी स्वतःला सांगते. खरं म्हणजे रकाना रिकामा होता.

रजिस्टर थान्यावर जमा झालं. त्यानंतर दोन महिन्यांनी तिसऱ्या ओळीतल्या एका ठेकेदाराकडे चोरी झाली. घरचे लग्नाला बाहेरगावी गेलेले असताना कपाटातले दागिने आणि व्हीसीआर गेला. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी वस्तीतून तिघांना उचललं. माळी आणि इस्त्रीवाला त्याच संध्याकाळी सुटले. तिचा नवरा सुटला नाही.

ती माझ्याकडे रडत आली. पोलीस सरळ तिच्याच दाराशी कसे आले, कोणाला विचारलंसुद्धा नाही, हे तिला समजत नव्हतं. बेनजी, तुम्ही साहेबांना ओळखता, तुम्ही चला, एवढंच ती म्हणत होती. मी तिला धीर दिला, पाणी दिलं. मला तो सुटायला हवा होता. पण त्याहून जास्त मला ही भीती होती की तिला कळेल. हे लिहायला मला इतकी वर्षं लागली, आणि आजही लिहिताना स्वतःचा राग येतो.

काकांना थान्यावर चला म्हटलं तर ते आज-उद्या करत राहिले. पोलिसांच्या कामात आपण दखल देणं बरं नाही, आपण सहकार्य करणारे लोक, असं त्यांचं म्हणणं. शेवटी मी चौथ्या दिवशी शाळेतून परस्पर एकटीच गेले. टीआई साहेबांनी उठून खुर्ची दिली, चहा मागवला. माझं लाल पाठीचं रजिस्टर त्यांच्या टेबलावर होतं. ते म्हणाले की इतक्या कॉलन्यांतून याच एका रजिस्टराचा खरा उपयोग झाला, बाकीच्यांनी नुसती नावं लिहून दिली, ही माणसं राहतात कुठे हेसुद्धा आम्हाला ठाऊक नव्हतं. मग त्यांनी ते पान उघडलं. माझ्या ओळीखाली लाल पेन्सिलीची जाड खूण होती. मी म्हटलं, साहेब, मी निर्दोष लिहिलंय, खाली रेघसुद्धा मारलीये.

"मैडम, निर्दोष छूटा, मतलब पकड़ा तो गया था," ते हसून म्हणाले. त्यात दुष्टपणा नव्हता. मुलाला सोपं गणित समजावतात तसं ते सांगत होते.

तेव्हा मी म्हणायला हवं होतं की ही माझी चूक आहे, ते वाक्य खोडा, तो माणूस सरळ आहे. मी विचारलं काय, तर हे रजिस्टर कोणाला दाखवलं तर नाही ना? साहेबांनी दिलासा दिला की नाही नाही, हे गोपनीय असतं, तुम्ही निश्चिंत राहा. मग मी त्याला सोडायची विनंती केली. तुमच्या शब्दावर सोडतो, असं ते म्हणाले आणि त्यांनी शिपायाला हाक मारली.

त्याला बाहेर आणलं तेव्हा त्याने डाव्या हाताने उजवं मनगट धरलं होतं. ते कोपरापर्यंत सुजलेलं होतं आणि बोटं निळी पडली होती. मुन्शीने, म्हणजे थान्याच्या कारकुनाने, माझ्यापुढे एक कागद सरकवला. अमुक माणूस सही-सलामत माझ्या हवाली केला, असा मजकूर होता. मी तो वाचला, त्या मनगटाकडे पाहिलं आणि सही केली. खाली पत्ता आणि हुद्दासुद्धा लिहिला, कारण त्यासाठी जागा सोडलेली होती.

चोरी कोणी केली ते महिनाभरात कॉलनीला कळलं. ठेकेदाराच्या बायकोचा सख्खा भाऊ. घरातल्या घरात मिटलं, तक्रार मागे घेतली, आणि काकांनी बैठकीत सांगितलं की कौटुंबिक बाब आहे, चर्चा नको. कोणी केलीही नाही. त्या वर्षी समितीला शाबासकी मिळाली आणि मला थान्याच्या अंगणात एक प्रमाणपत्र दिलं, उत्कृष्ट सहयोगाबद्दल. मी हसून ते घेतलं. टाळ्या वाजल्या. एवढी शरम वाटत असूनही न जाण्याची हिंमत माझ्यात नव्हती.

त्याचा हात जुळला तो वाकडा. मनगट वळेना, ब्रश धरवेना, म्हणजे रंगवणं संपलं. पुढे तो एका सायकल स्टँडवर बसायला लागला. डॉक्टरकडे मी नेलं, औषधं आणली, मुलीची वह्या-पुस्तकं केली. ज्याला त्याला मी हे सांगत असे, जणू फार काही करत होते.

ती कामाला येत राहिली. एक दिवस खाडा नाही, भांडी पूर्वीसारखीच लख्ख. फक्त उंबऱ्यावर बसणं बंद झालं. चहा उभ्याउभ्या प्यायची, वाटी विसळायची, निघायची. मी विचारलं, हात कसा आहे, तर सब ठीक है. मुलगी कशी आहे, सब ठीक है. मला वाटे, दुःखाने गप्प झाली असेल, वेळ जाऊ द्यावा. तिला काही कळलेलं नाही, अशी मी स्वतःची समजूत घालत होते. थान्यात मारताना शिपाई सायकलचोर म्हणत होते, हे नवऱ्याने तिला त्याच दिवशी सांगितलं असणार, हे समजायला गणिताच्या बाईला फार डोकं लागू नये. ती गोष्ट उज्जैनमध्ये तिच्या घराबाहेर फक्त एका माणसाला माहीत होती.

अशी नऊ वर्षं गेली. मग एकदा मला इस्त्रीवाल्याकडून कळलं की तिच्या मुलीचं लग्न होऊन पंधरा दिवस झाले. त्या सुमारास ती तीन दिवस आली नव्हती, विचारलं तर घरी काम होतं म्हणाली होती. जिच्या प्रत्येक तापाची मला खबर असायची, त्या मुलीचं लग्न. मला फार लागलं, आणि लागल्यावर मी नेहमी चिडते. त्या दुपारी मी मोरीपाशी जाऊन उभी राहिले आणि सरळ विचारलं की मुलीचं लग्न झालं, मला एका शब्दाने सांगावंसं वाटलं नाही? मी तुझं एवढं वाईट केलं?

तिने नळ बंद केला. हात पदराला पुसले. रागाचं नावही तिच्या चेहऱ्यावर नव्हतं, तसं असतं तर मला सोपं गेलं असतं.

"आप बुरी नहीं हो बेनजी," ती म्हणाली. "पर आप कुछ पूछती हो ना, तो डर लगता है, कहीं लिख न लो."

मग तिने उरलेली दोन पातेली घासली, पालथी घातली आणि दार ओढून गेली. त्यानंतर मी तिला काही विचारलं नाही.